याडी रडत नाही

आमच्या घरात स्मृतिचिन्हांची कमतरता नाही. काचेची आहेत, लाकडाची आहेत, पितळेचा मुलामा दिलेली आहेत, आणि काहींवर माझं नाव चुकलेलं आहे. याडी, म्हणजे माझी आई, ती सगळी वापरते. एक जाड काचेचं लोणच्याच्या बरणीत दाब म्हणून ठेवलंय. एक लाकडी ढाल बकऱ्यांच्या फाटकाला अडण म्हणून लावलीय. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून जे लावलंय, ते मला एका मोठ्या माणसाच्या हातून मिळालं होतं आणि तेव्हा फोटोही निघाला होता. कुणी प्रेमानं दिलेली वस्तू नुसती मांडून ठेवली तर तिचा अपमान होतो, असं याडीचं मत आहे.

माझा धंदा सांगायला सोपा आहे. लांब लांब सायकल चालवायची, त्यावर पुस्तकं लिहायची, आणि मग दोन्हींबद्दल लोकांपुढे उभं राहून बोलायचं. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘साहसी सायकलपटू, लेखिका व प्रेरक वक्त्या’ असं छापतात. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात मला ‘फिरस्ती’ म्हणतात. ते कौतुकानं म्हणतात की कसं, हे मी विचारलेलं नाही. आधी मी आर्णीला शाळेत खेळ शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकलनं बाहेर पडायची, आणि एक वर्ष असं आलं की सुट्टी संपली तरी मी परत वळलेच नाही.

आम्ही बंजारा. आमच्या जुन्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडल्या. पुढे रेल्वे आली, सडका आल्या, बैल शेताला जुंपले गेले आणि आम्ही कापूस-तुरीचे झालो. भाषणात मी म्हणते, “फिरणं माझ्या रक्तातच आहे.” या वाक्याला हमखास टाळी पडते. खरं सांगायचं तर याडीनं उभ्या आयुष्यात माहूर आणि पुसद यांच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, आणि माझ्या अंगात रक्त आहे ते तिचंच.

या धंद्यातलं बाहेरच्यांना ठाऊक नसतं असं थोडं सांगते. लोक चढाला घाबरतात. चढ निदान दिसतो आणि कुठेतरी संपतो. खरा वैरी वारा. समोरून वारा लागला की सपाट सडकेवर माणूस दिवसभर पायडल मारतो आणि तरी संध्याकाळी कुठे पोचलो म्हणून सांगायला लाज वाटते. दुसरी गोष्ट म्हणजे बूड. व्यासपीठावरून त्याचा उल्लेख करता येत नाही, तिथे जिद्द म्हणावं लागतं. पण लांबचा प्रवास पुढे जाणार की नाही हे पायांपेक्षा बूडच ठरवतं. सायकलची गादी स्वस्तात घेणाऱ्याला जिद्द फार दूर नेत नाही.

आणि मुक्काम. मुक्काम कधी मागायचा नसतो. दिवस मावळायच्या आत गावात शिरायचं, एखादी बाई अंगण झाडत असेल तिथे सायकल टेकवायची आणि पाणी मागायचं. पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. पाणी पिता पिता ती विचारते कुठून आलात, मग विचारते एकट्याच का, आणि मग चहा ठेवते. चहा होईपर्यंत ती आत जाऊन घरच्यांशी काहीतरी कुजबुजून येते आणि म्हणते, आता अंधाराचं कुठे जाता. जेव्हा जेव्हा मी थकून घाईला आले आणि पाण्याच्या आधीच जागा मागितली, तेव्हा तेव्हा मला देवळाचा ओटा मिळाला.

बोलण्याच्या धंद्यात गंमती जास्त. आर्णीच्या एका कॉलेजात प्राचार्यांनी माझी ओळख करून दिली ती एव्हरेस्ट चढून आलेल्या गिर्यारोहक म्हणून. मी उठून नम्रपणे सांगितलं की माहूरच्या गडापेक्षा उंच काही मी पायी चढलेली नाही. पोरापोरींचे चेहरे असे पडले की मलाच अपराध्यासारखं झालं. मग तासभर मी त्यांना सायकल विकत असल्यासारखी बोलत होते. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या मालकांनी मला बोलावलं. कामगार फार सुट्ट्या घेतात, त्यांना चिकाटीचं काहीतरी सांगा, अशी त्यांची इच्छा होती. मी बोलत गेले आणि ओघात खरं ते बोलून गेले की लांबच्या प्रवासात सगळ्यांत महत्त्वाचा दिवस विश्रांतीचा, तो चुकवला की सायकल आणि माणूस दोन्ही मोडतात. कामगारांनी बाकं वाजवली. पुढच्या वर्षी मालकांनी हास्यक्लबवाले गृहस्थ बोलावले.

हे सगळं हसण्यावारी जातं. एक गोष्ट मात्र मला बरीच वर्षं सलत होती, ती आज लिहून टाकते.

आमच्या बायकांची एक रीत आहे. लेक बऱ्याच दिवसांनी घरी आली की तिला हसून भेटत नाहीत. आई तिच्या गळ्यात पडते आणि सुरात रडते. नुसतं रडणं नसतं ते, त्याला शब्द असतात. तू गेल्यावर काय काय झालं, कोण वारलं, पाऊस कसा झाला, तुझी आठवण कधी आली, सगळं त्या रडण्यात सांगून होतं. लेकही तशीच सुरात उत्तर देते. मग काकू, मावश्या, शेजारणी एकेक येऊन गळ्यात पडतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, घरात मयत झालं. आणि मग एकाएकी सगळ्या डोळे पुसतात, चहा मांडतात, थट्टा सुरू होते. आईनं सुरुवात केल्याशिवाय बाकीच्या सूर धरत नाहीत, असं आमच्या तांड्यात तरी आहे.

याडी माझ्यासाठी कधी रडली नाही.

पहिला मोठा प्रवास करून आले तेव्हा फाट्यावर बँड होता, हार होते, मंडप होता. याडीला धरून व्यासपीठावर आणलं. सूत्रसंचालक माईकवर म्हणाला, बघा बघा, या माउलीच्या डोळ्यांतले आनंदाश्रू बघा. याडीचे डोळे कोरडे ठणठणीत होते. तिनं माझ्या नाकावरची उन्हानं सोललेली कातडी बोटानं चाचपली आणि विचारलं, जेवली काय? माईक जवळच होता, त्यामुळे ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. लोक हसले, मीही हसले. घरी आलो तर काकू, शेजारणी ओढण्या सावरून तयार उभ्या. सगळ्यांचं लक्ष याडीकडे. याडी सरळ चुलीपुढे जाऊन बसली आणि भाकरीचं पीठ मळायला लागली. बायका थोडा वेळ थांबल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

दर वेळी असंच झालं. मी आसामातून आले, राजस्थानातून आले, दक्षिणेचं टोक गाठून आले. माझा भाऊ दिनकर मला आणायला फाट्यावर यायचा, याडी अंगणात दिसायची, आणि मला लहान पोरीसारखं वाटायचं की आज ही रडेल. ती म्हणायची, हात-पाय धुव. एकदा न राहवून मी सरळ विचारलं, “याडी, माह्यासाठी काहून नाई रडत तू?” तिनं विचारलं, “बकऱ्याइले पाणी पाजलं काय?”

काकूनं मला समजावलं की ते रडणं सासरून आलेल्या लेकीचं असतं, तुला सासरच नाही तर ती कशाला रडेल. मी लग्न केलं नाही, त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. पण त्या दिवशी वाटलं. देशभर फिरून यायचं आणि आपल्याच अंगणात आपण आलो हे कुणी मोजायचं नाही, असं काहीसं वाटलं.

आणि गंमत बघा, माझ्यासाठी परकी माणसं रडली. दक्षिणेच्या प्रवासात, विजापूरच्या पुढे, दुपारी एका विहिरीजवळ माझी साखळी उतरली. कालपासून उतरत होती. कुणी ऐकणारं नाही असं समजून मी आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत साखळीला एक ठेवणीतली शिवी हासडली. विहिरीवर पाणी शेंदणारी म्हातारी हातातला दोर तसाच धरून वळली. अंगात आरसे जडवलेली कांचळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती कानडी मुलखातली, मी वऱ्हाडातली, पण शिवी दोघींची एकच. तिनं मला कोणत्या तांड्याची, कोणाची लेक, एवढं विचारलं आणि सरळ माझ्या गळ्यात पडून सूर धरला. एवढ्या दुरून एकटी आली माझी बाई, उन्हात आली, पाण्यावाचून आली. मागून सगळ्या बाया आल्या. मी ग्रीस लागलेले हात दोन्हीकडे लांब धरून उभी, आणि रडतच होते. हेमलीबाई तिचं नाव. त्यानंतर तिनं मला दोन दिवस सोडलं नाही.

हा प्रसंग माझ्या भाषणाचा मुकुटमणी झाला. त्याला जोडून मी म्हणायची, माझी स्वतःची आई मात्र कधी रडली नाही, पोलादाची आहे माझी आई, तिनं मला रडून अडवलं असतं तर मी आज इथे नसते. यावर सभागृह उभं राहायचं. बोलता बोलता माझाही त्यावर विश्वास बसला. सलणारी गोष्ट टाळ्यांत गुंडाळली की कमी सलते, हे या धंद्यात फार लवकर शिकता येतं.

मग एकदा महागावला शाळेत कार्यक्रम होता आणि दिनकर याडीला घेऊन आला. पहिल्या रांगेत बसून तिनं सगळं ऐकलं. घरी येताना गाडीत तिनं विषय काढला. ती माझ्याशी गोरबोलीतच बोलते, इथे मी तिचं बोलणं आमच्या वऱ्हाडीत लिहिते.

“तू लोकाईले खोटं सांगून राह्यली,” ती म्हणाली.

मी विचारलं, काय खोटं?

“मी पोलादाची नाई.”

मी पुढे विचारलं, पण तिनं खिडकीबाहेर कुणाच्या तरी कपाशीकडे बोट दाखवून बोंडं बारीक असल्याचं सांगितलं आणि विषय संपवला.

हेमलीबाईचा फोन मात्र येत राहिला. सुरुवातीला माझ्यासाठी यायचा, मग हळूहळू तो याडीचाच झाला. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं, पण बकरी व्याली, मिरची महागली, सून बोलली, सगळं इकडून तिकडे जायचं. माझ्या प्रवासांच्या गोष्टीही याडीच तिला सांगायची, आणि मी सांगितल्या त्यापेक्षा नीट सांगायची. तिला वाचता येत नाही. माझं पहिलं पुस्तक दिनकरनं तिला रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचून दाखवलं होतं. एका ठिकाणी तिनं त्याला थांबवलं आणि मला हाक मारून सांगितलं की घाटात मागे लागलेलं कुत्रं तू आधी काळं सांगितलं होतं, इथं लाल काहून झालं? काळंच होतं ते. दुसऱ्या आवृत्तीत मी दुरुस्त केलं.

गेल्या वर्षी माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले चढ बंद, लांबचं बंद, आणि मग हसत हसत, भाषण चालू ठेवा. मी सायकल पुसून तुराट्यांच्या खोलीत उभी केली. त्याबद्दल फार लिहीत नाही. आयुष्यभर ‘थांबू नका’ असं सांगून पोट भरलेल्या बाईला थांबायला लागलं, तर तिला कुणी भाषण देऊ नये एवढंच म्हणते.

तेवढ्यात हेमलीबाईच्या नातीचं लग्न निघालं. फोनवर आमंत्रण आलं, आणि याडीनं फोन ठेवून जाहीर केलं की ती जाणार. आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. तिनं पेटीतून ठेवणीतला फेटिया, म्हणजे आमचा घागरा, काढून उन्हात टाकला. दिनकरनं रेल्वेचं सांगितलं, गर्दीचं सांगितलं, दोन वेळा गाडी बदलायचं सांगितलं. तिनं मला विचारलं, अनोळखी गावात पहिल्यांदा काय मागायचं? मी म्हटलं, पाणी. ती म्हणाली, मग झालं तर. दिनकर तिच्याबरोबर गेला आणि मी गुडघ्याला पट्टा बांधून, बकऱ्या सांभाळत घरी राहिले.

मी आजवर वाट पाहिलेली नव्हती. वाट कायम तुडवलेली. वाट पाहणं हे जास्त अवघड काम आहे आणि त्याला कुणी शाल-श्रीफळ देत नाही. पहिले दिवस बरे गेले. मग लग्न झालं तरी त्या बाया तिला सोडेनात. फोनवर मागे गलका ऐकू यायचा आणि याडी घाईत बोलून ठेवून द्यायची, जशी मी ठेवून द्यायची. मला राग यायचा. जेवली का विचारायच्या आत फोन बंद. एका संध्याकाळी भावजय टोपलीत डोकावून म्हणाली, “ताई, आपण दोघीच त हावो. थे एक भाकर कोनाची टाकता रोज?” मी टोपलीकडे पाहिलं. मला खरंच ठाऊक नव्हतं.

ती आली ती भर दुपारी. मी पडवीत पाय लांब करून तूर निवडत होते. ऑटो फाटकाशी थांबला, दिनकरनं गाठोडी उतरवली. याडी उतरली आणि फाटकाबाहेरच उभी राहिली. प्रवासानं काळवंडली होती, नाकाची कातडी सोलली होती. दिनकर म्हणाला, चाल ना याडी घरात. ती हलली नाही. मी लंगडत उठले, फाटकाचं अडण, माझीच ती लाकडी ढाल, बाजूला केली आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. काय करायचं ते मला कळेना. तिनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं, ओढणी डोळ्यांवर ओढली, दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले आणि सूर धरला.

तू गेली तवा ज्वारी पोटऱ्यात होती माय, ती म्हणाली, कापून झाली तरी तू नाई आली. आसामात तू पुरात अडकली, मले परक्या मानसानं सांगतलं. राजस्थानात तुले लू लागली, तू मले नाई सांगतलं, पुस्तकात लिवलं. समुद्राच्या टोकाले गेली, मी समुद्र नाई पाह्यला, मी कसा समजू तो किती दूर हाय. रोज एक भाकर जास्त टाकली माय, रोज सकाळी बकरीले घातली. एकेक प्रवास, एकेक गाव, नावं तिच्या जिभेला वळतील तशी वळवून, सगळे क्रमानं. मला स्वतःला तो क्रम सांगता आला नसता. काकू धावत आली, शेजारणी आल्या, त्यांनीही इतक्या वर्षांचं राहिलेलं सगळं उरकून घेतलं. सडकेवरून जाणारा एक दुचाकीवाला थांबून दिनकरला विचारत होता, कोन गेलं?

रीतीप्रमाणे मी उत्तर द्यायला हवं होतं. बोलून पोट भरणारी बाई मी, हजारभर लोकांपुढे उभी राहते. पण तेव्हा नुसता सूर आला, तोही बेसूर. तिनं माझी पाठ थोपटली.

ओसरल्यावर मी विचारलं, “याडी, इतके वर्स नाई रडली, आज कायले?”

तिनं ओढणीनं आधी माझं नाक पुसलं, मग आपलं. “रडून भेटतात ते पाहुणीले,” ती म्हणाली. “दिलेल्या लेकीले. चार दिस राहते अन् जाते, तिले. तू आली का मी रडली असती, त तू पाहुणी झाली असती. तुले कायले पाहुणी करू मी? घर तुयं हाय. बाकीच्या बायाइले हे नाई समजत.” मग फाटकाकडे हात केला. “आज मी आली बाहेरून. आज मले रडता येते.”

असं म्हणून ती आत आली, माझ्या जागेवर बसली, पाय लांब केले आणि मी निवडत असलेल्या तुरीत राहिलेले खडे बघून जिभेनं चक् केलं. मी अजून फाटकातच उभी होते, ढाल हातात घेऊन.

“उभी काय राह्यली?” याडी म्हणाली. “पाहुणी आली घरी. चाय मांड.”